पी०१७१चा माग: प्लायची ट्रॉली, जुना लॅपटॉप आणि एक चिरलेला होज

इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०१७१ कोड दाखवला की बहुतेकदा पहिला बळी ऑक्सिजन सेन्सरचा जातो. कोडचा अर्थ एवढाच, की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही खबर ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते आणि आपण खबर देणाऱ्यालाच काढून टाकतो. काही दिवसांनी दिवा परत लागतो. मग एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सर, मग प्लग, मग पेट्रोल पंप. जुना सेन्सर चांगला होता, हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही, कारण मधे कुणी काही मोजलेलंच नसतं.

इथे दिलेलं काम १.८ लिटरच्या, चार सिलिंडरच्या, २०१४ सालच्या पेट्रोल सेडानवर केलं. तक्रार अशी: गरम इंजिनावर सिग्नलला उभं राहिलं की आयडलिंग खालीवर, स्टिअरिंगला थरथर, पण हायवेला पिकअप एकदम व्यवस्थित. निम्मं निदान या शेवटच्या तीन शब्दांतच आहे, पण ते आकड्यांत दिसल्याशिवाय पार्ट विकत घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. आकडे पाहायला जुना लॅपटॉप वापरला. बॉनेटवर किंवा फेंडरवर लॅपटॉप ठेवला की रंगाला ओरखडे पडतात आणि पंख्याच्या हाताच्या अंतरावर वायरी लोंबतात, म्हणून त्याच्यासाठी चाकांची ट्रॉली बनवली. त्यामुळे गाडीचं काम सुरू झालं ते सुतारकामापासून.

ट्रॉली १८ मिमी प्लायची, एका आठ बाय चार शीटमध्ये (२४४० × १२२० मिमी) बसवलेली. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी उडतं, फरशी धुतली जाते, म्हणून आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घेतला. ७१०मध्ये प्लायचा नमुना ७२ तास उकळून चिकटपणा तपासतात. आयएस ३०३चा एमआर ग्रेड स्वस्त पडतो, पण तो दिवाणखान्यातल्या कपाटासाठी. चाकांजवळच्या कडेने त्यात पाणी शिरलं की पापुद्रे सुटायला एक पावसाळा पुरतो.

तुकड्यांची मापं मिमीमध्ये: वरचा फळा ८४० × ५००, दोन नग. तळ ७४० × ४६०. बाजू ६८६ × ४६०, दोन नग. पाठ ७०४ × ६८६. मधला खण ७०४ × ४४२. पुढची आडवी पट्टी ७०४ × १००. चाकांसाठी तळाखाली लावायचे चौकोन १२० × १२०, चार नग. शीटमधून आधी पूर्ण लांबीच्या दोन पट्ट्या काढायच्या, एक ५०० रुंद आणि एक ६८६ रुंद. ५००च्या पट्टीतून वरचे दोन फळे आणि तळ निघतो. ६८६च्या पट्टीतून पाठ, दोन्ही बाजू आणि खण. खणाच्या खाली उरलेल्या तुकड्यातून आडवी पट्टी आणि चौकोन. पात्याची रुंदी प्रत्येक कापाला ३ मिमी धरली आहे. ती न धरता कागदावर मापं बसवली तर शेवटचा तुकडा हमखास तोकडा निघतो. प्लायच्या दुकानात पॅनेल सॉ असेल तर या दोन लांब कापांचे पैसे देऊन ते तिथेच करून घ्यावेत. आठ फुटांचा सरळ काप घरी हातातल्या मशीनने होतो, पण पट्टी धरायला दोन शिकंजे आणि मदतीला दुसरा माणूस लागतो. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून छिलके वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवून कापायचं, टेबल सॉवर मात्र उलट.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: १८ मिमीचा प्लाय पुष्कळदा पूर्ण १८ भरत नाही. व्हर्नियर लावून पाहायचं. १७.४ भरला तर दोन बाजूंमधलं अंतर ७४० वजा ३४.८, म्हणजे ७०५.२ होतं आणि ७०४चा खण दोन्हीकडून ढिला बसतो. त्यामुळे पाठ, खण आणि पुढची पट्टी हे तीन तुकडे बाजू तळावर कोरड्या उभ्या करून, प्रत्यक्ष अंतर मोजून मगच अंतिम मापाला कापले.

जोड साधा, फेविकॉल मरीन आणि ८ नंबरचे ५० मिमी स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू मारताना ३ मिमीचं पायलट भोक पाडलं नाही तर मधला थर फाटतो. पण जास्त त्रास देते ती दुसरी चूक. ज्या फळीतून स्क्रू आरपार जातो तिच्यातलं भोक ४.५ मिमीचं हवं, म्हणजे स्क्रूचे आटे त्या फळीला धरणार नाहीत. ते धरले तर दोन फळ्यांमध्ये अर्ध्या मिमीची फट राहते आणि कितीही आवळलं तरी मिटत नाही, कारण स्क्रू दोन्ही फळ्यांना एकाच अंतरावर धरून ठेवतो. स्क्रू टोकापासून २५ मिमी आत, नंतर दर १५० मिमीला. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू इथे वापरू नयेत. ते कडक असतात, आडवा दणका बसला की डोकं तुटतं, आणि दमट हवेत गंजतातही लवकर.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजायचे. तळ धरून खोक्याचं बाहेरचं माप ७४० × ७०४, म्हणजे कर्ण १०२१ मिमी. दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर शिकंजा लावून ओढून घ्यायचं. गुण्या एका कोपऱ्यापुरता खरं बोलतो, कर्ण अख्ख्या खोक्याबद्दल. पाठ आतून बसवली की मग खोकं हलत नाही.

वरचे दोन फळे एकमेकांवर चिकटवून ३६ मिमी जाडी केली. गोंद सगळीकडे पसरून खालून ३० मिमीचे स्क्रू, मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, म्हणजे हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर पडतो. फळा दोन्ही बाजूंना ५० मिमी बाहेर ठेवला आहे. पुढे शिकंजा किंवा व्हाइस लावायची झाली तर त्याला पकडायला जागा हवी. चाकं १०० मिमीची, चारही फिरणारी, पुढच्या दोनांना ब्रेक. ती स्क्रूने न लावता चौकोन आणि तळ मिळून ३६ मिमीमधून एम८ × ६०चे बोल्ट आरपार, वर मोठा वॉशर आणि नायलॉक नट. फरशी कधीच सपाट नसते, त्यामुळे वजन बहुतेक वेळ तीनच चाकांवर असतं. चाकांची क्षमता निवडताना एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागावं. उंची ८८५ मिमीच्या आसपास येते, उभ्याने टाइप करायला बरोबर.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फक्त कडा. प्लायच्या कडा स्पंजासारख्या पाणी पितात, म्हणून पॉलिश पेपर मारून पीयू सीलरचे कडांवर तीन हात आणि बाकी सगळीकडे दोन. तळाच्या खालच्या बाजूलाही, जिथे कुणी पाहणार नाही.

लॅपटॉप चौथ्या पिढीचा कोअर आय५, चार जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती डिस्क. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपसह चालतं. त्यामुळे असे लॅपटॉप घरोघरी कपाटात पडून आहेत. गॅरेजसाठी ते उत्तम, कारण ग्रीसचा हात लागला तरी जीव वरखाली होत नाही.

उघडण्याआधी बॅटरी पाहायची. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा खालचं झाकण फुगलेलं असलं तर बॅटरी सुजली आहे. ती काढून टाकायची, टोचायची किंवा दाबायची नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. बरेच लॅपटॉप बॅटरीविना नुसत्या अडॅप्टरवर चालतात. स्क्रू काढताना ते कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी चिकटवावेत. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की मदरबोर्डात घुसतो.

जुन्या डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं काढण्याआधी ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहायचा. पाच नंबरची ओळ बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) सांगते, १९७ नंबरची वाचता न येणारे. १९७मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल तर साधी कॉपी लावू नये. खराब जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा डोकं आपटते आणि उरलेलं वाचायचंही राहून जातं. डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागा शेवटी घेतं. फिरत्या डिस्कच्या जागी घ्यायची एसएसडी २.५ इंची, साटा जोडणीची, ७ मिमी जाडीची. जुना कप्पा ९.५ मिमीचा असेल तर सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावायची, नाहीतर ती आत हलते आणि कनेक्टरवर ताण येतो. रॅम घेताना डीडीआर३एल लिहिलेलीच. ती १.३५ व्होल्टवर चालते. चौथ्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ स्वीकारत नाहीत, स्क्रीन काळीच राहते आणि दोष मदरबोर्डाला जातो.

पंखा उघडलाच आहे तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकच्या धातूकडे नेणारा लेप) बदलावी. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. हीटसिंकचे स्क्रू त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. ते वाऱ्याने वेगात फिरलं तर बेअरिंग जातं.

त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. आठ जीबी रॅमवर ती मजेत चालते. गाडीशी बोलायला ईएलएम३२७ या चिपचं यूएसबी अडॅप्टर. ब्लूटूथवालं स्वस्त असतं, पण मधेच तुटतं आणि नोंदीत भोकं पडतात. बाजारात ‘आवृत्ती १.५’ लिहिलेले अडॅप्टर ढिगाने मिळतात. मूळ ईएलएम चिपची १.५ अशी आवृत्ती कधी आलीच नाही, ते सगळे नकलेचे. त्यातले पुष्कळ तरीही ठीक चालतात. ‘२.१’ लिहिलेले मात्र अनेकदा काही आज्ञा ओळखतच नाहीत.

यूएसबी लावली आणि सिरियल पोर्ट दिसलाच नाही किंवा उघडलाच नाही, तर दोन गोष्टी तपासायच्या. एक, आपलं खातं ‘डायलआउट’ गटात आहे का. नसेल तर पोर्ट उघडायची परवानगीच नसते. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. दोन, अडॅप्टरमध्ये सीएच३४० चिप असेल तर उबंटूच्या २२.०४ आणि त्यावर बेतलेल्या आवृत्त्यांत ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. पोर्ट क्षणभर येतो आणि गायब होतो. घरात ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल तर ती सेवा काढून टाकली की प्रश्न मिटला. अडॅप्टर खराब म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी कितीजण इथे अडकले असतील, देव जाणे.

गाडीतला १६ पिनांचा सॉकेट स्टिअरिंगखाली असतो. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, ४ आणि ५ अर्थ, ६ आणि १४ कॅन बस. बराच वेळ इग्निशन चालू ठेवून इंजिन बंद असलं की बॅटरी बसते. आकडे वाचायला पायथनचा छोटा प्रोग्राम पुरतो: पोर्ट ३८४०० वेगाने उघडायचा (बहुतेक यूएसबी अडॅप्टरांचा हाच वेग), ‘एटीझेड’ने रीसेट, ‘एटीई०’ने प्रतिध्वनी बंद, ‘एटीएसपी०’ने प्रोटोकॉल आपोआप शोधायला लावायचा. मग एकेक प्रश्न. उत्तराच्या शेवटी अडॅप्टर ‘>’ ही खूण पाठवतो. ती येईपर्यंत वाचत राहायचं. ठरावीक अर्धा सेकंद थांबून वाचणारे प्रोग्राम इंटरनेटवर बरेच आहेत. त्यात एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात जातं आणि आलेख वेडेवाकडे येतात.

उत्तरं षोडशमान पद्धतीत येतात. ‘०१०सी’ विचारलं की ‘४१ ०सी ०ए एफ०’. पहिले दोन आकडे प्रश्नाची पोच. ०एएफ० म्हणजे २८००, भागिले ४, ७०० आरपीएम. ‘०१०५’ला ‘४१ ०५ ८२’, म्हणजे १३० वजा ४०, कूलंट ९० अंश. ‘०११०’ला ‘४१ १० ०० डीसी’, म्हणजे २२० भागिले १००, एमएएफमधून सेकंदाला २.२ ग्रॅम हवा. १.८ लिटरच्या गरम इंजिनाला आयडलिंगवर हा आकडा पटण्यासारखा आहे. ठोकताळा असा, की जितके लिटर साधारण तितके ग्रॅम, थोडं वर. खरे मोलाचे दोन प्रश्न म्हणजे ‘०१०६’ आणि ‘०१०७’, तात्पुरता आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. आलेल्या आकड्यातून १२८ वजा करायचे, १२८ने भागायचं, शंभरने गुणायचं. ‘४१ ०७ ९बी’ आलं: १५५ वजा १२८ म्हणजे २७, म्हणजेच अधिक २१ टक्के. संगणक एमएएफच्या हिशेबापेक्षा २१ टक्के जास्त पेट्रोल टाकतोय आणि त्याची आता त्याला सवय झाली आहे. तात्पुरता ट्रिम त्यावर आणखी अधिक ३.

दिवा पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी. कोड लागला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, भार त्यात साठवलेले असतात आणि कोड पुसला की तेही जातात. इथे फ्रेम सांगत होती: वेग शून्य, कूलंट ८८ अंश, भार कमी. म्हणजे गरम गाडी, उभी.

आता मुख्य चाचणी. गाडी उघड्यावर, हँडब्रेक लावून, चाकांना ओट (अडसर) लावून. बंद तळघरात इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सैल बाही, ओढणी, लोंबती वायर पंख्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. एसी बंद. सीएनजी किट असेल तर गाडी पेट्रोलवर घेऊन थोडी चालवून मग मोजायचं. बाहेरून बसवलेल्या किटच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे ट्रिमचे आकडे भरकटतात आणि सीएनजीवर शिकलेला ट्रिम पेट्रोलच्या माथी येतो.

आयडलिंगवर एकूण ट्रिम अधिक २४. मग इंजिन २५०० आरपीएमवर स्थिर धरून दीर्घकालीन आकडा पाहिला तर अधिक १० वगैरे. हा फरक कशाचा? होजला, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला, चीर असली तर तिच्यातून आत येणारी हवा एमएएफच्या मागून येते, ती मोजलीच जात नाही. समजा ती सेकंदाला ०.५ ग्रॅम आहे. आयडलिंगवर मोजलेली हवा २.२ ग्रॅम, म्हणजे चोरटी हवा जवळजवळ २३ टक्के. २५०० आरपीएमवर मोजलेली हवा ८ ग्रॅमच्या घरात, चीर मात्र तेवढीच, म्हणून हिस्सा उरतो ६ टक्के. हायवेला पिकअप ठीक का, याचं उत्तर हेच. उलट पेट्रोल पंप दमला असेल किंवा फिल्टर चोंदला असेल तर आयडलिंगवर ट्रिम बरा असतो आणि भार वाढला की वाढत जातो. एमएएफची तार मळली असेल तर सहसा वरच्या वेगातही हवा कमीच मोजली जाते, त्यामुळे ट्रिम आरपीएम वाढल्यावर खाली येत नाही. एवढा एक आलेख तीन महाग पार्ट वाचवतो.

दोन सावधगिऱ्या. हे सगळं गणित एमएएफ असलेल्या गाडीचं. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसून एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे चोरटी हवाही दाबात मोजली जाते आणि संगणक तिच्यापुरतं पेट्रोल टाकतो. ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग मात्र चढतं. त्या गाडीत पी०१७१ आला तर होजच्या मागे लागण्याआधी इंधनाचा दाब पाहावा. दुसरं, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात फट असली तरी आयडलिंगला ट्रिम असाच वर दिसतो, कारण धक्क्याधक्क्याने बाहेर जाणाऱ्या वायूमागे बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिनावर टिकटिक आवाज आणि जोडापाशी काजळी, या तिच्या खुणा.

आणि पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ला १, ई१०ला (दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १४.१, ई२०ला १३.५च्या आसपास. ई१०वर बेतलेल्या गाडीत ई२० भरलं तर दीर्घकालीन ट्रिम नुसत्या त्यानेच चारेक टक्के वर जातो. म्हणून अधिक ४ किंवा ५ दिसला तर त्याच्यामागे धावू नये. आपण शोधतोय ते वरचे अठरा-वीस टक्के.

चीर शोधायला अनेकजण इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर मारून आरपीएम बदलतात का पाहतात. गरम मॅनिफोल्डवर भडका उडतो, करू नये. साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारता येतो, पण कॉइल आणि वायरींच्या कनेक्टरपासून लांब. सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे एकेक होज बंद करायचा आणि लॅपटॉपवर तात्पुरता ट्रिम पाहायचा. मॅनिफोल्डकडे जाणारे होज मोजकेच: ब्रेक बूस्टरचा, पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा), टॅपेट कव्हरवरून येणारा पीसीव्हीचा (इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणारा). पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून होज हलकेच दाबायचा. कडक झालेला होज दाबू नये, तिथेच तडकतो. तो काढून निपलला (होज ज्यावर बसतो त्या तोंडाला) रबरी टोपी लावायची.

बूस्टरचा दाबला, ट्रिम जागचा हलला नाही. पर्जचा, तसंच. पीसीव्हीचा होज मधोमध दाबला, थोडा हलला आणि परत आला. इथे पुष्कळांची दिशाभूल होते. होज दाबून काही झालं नाही म्हणजे होज निर्दोष असं नाही. चीर जर दाबलेल्या जागेच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला असेल तर दाबून उपयोग काय? होज निपलवरून काढला, निपलला टोपी लावली, आणि तात्पुरता ट्रिम अधिक ३वरून थेट उणे १६वर. दीर्घकालीन २१ला सवय झालेली, ती इतक्यात जात नाही, म्हणून तात्पुरता उणेत. बेरीज अधिक ५. आयडलिंगची थरथरही त्याच क्षणी थांबली.

होज उलटा करून वाकवला तेव्हा निपलवर बसणाऱ्या कोपऱ्याच्या खालच्या बाजूला अर्ध्या घेराची चीर दिसली. गाडीवर असताना ती वरून दिसणं शक्यच नव्हतं. या होजमधून तेलाची वाफ जाते, रबर वर्षानुवर्षं ती शोषून मऊ पडतं आणि क्लिपच्या कडेशी फाटतं. पावसाळ्यात उंदीर कुरतडतात ती चीर वेगळी, तिला दातांच्या समांतर रेघा असतात.

बदली होज चासी नंबरवरून मागवलेला, मूळ आकारात घडवलेलाच घ्यावा. सरळ होज वाकवून बसवला तर आतल्या ओढीने कोपऱ्यावर चपटा होतो. तो मिळेपर्यंत तात्पुरता तुकडा लावायचा असेल तर नायट्राइल रबराचा, तेल सहन करणारा, आणि निपलच्या बाहेरच्या व्यासाला जुळणारा. कूलंटचा होज सहज हाताशी असतो, पण तो ईपीडीएमचा. पाण्याला उत्तम, तेलात फुगून बुळबुळीत होतो. क्लिप मूळ स्प्रिंगचीच. स्क्रूने आवळायची जुबली क्लिप पातळ निपलवर जास्त आवळली की प्लास्टिकचं निपल चिरडतं आणि एका चिरेची दुसरी होते. होज काढलाच आहे तर पीसीव्ही व्हॉल्व्ह हातात हलवून पाहावा, आतली गोळी खडखडली पाहिजे. ऑइल कॅप आणि डिपस्टिकचं रबरही तपासावं. तिथली फटही याच वाटेने न मोजलेली हवा आत आणते.

एमएएफ उघडून धुवायची इथे गरज नव्हती. धुवायची झालीच तर एमएएफसाठीचाच क्लीनर, कनेक्टर काढून, तारेला बोट किंवा कापूस न लावता, पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची.

कोड पुसायला ‘०४’ ही आज्ञा. त्याने शिकलेला ट्रिम आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या संगणकाने स्वतः केलेल्या तपासण्या) दोन्ही शून्यावर जातात. मॉनिटर पुन्हा पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं चालवणं आणि स्थिर वेगाचा हायवे असं मिश्रण लागतं. म्हणून इथे कोड लगेच पुसला नाही. आधी गाडी नेहमीसारखी चालवत दीर्घकालीन ट्रिम आपणहून उतरताना नोंदवला: २१, १४, ९ आणि शेवटी ‘८६’, म्हणजे १३४ वजा १२८, अधिक ४.७. आयडलिंगला आणि २५००ला आता आकडा जवळजवळ सारखाच येतो. त्यानंतर कोड पुसला. नोंदीची फाइल तारीख, किलोमीटर आणि भरलेल्या पेट्रोलसह ठेवली आहे. पुढच्या वेळी दिवा लागला तर तुलना करायला निरोगी गाडीचे आकडे हाताशी हवेत, आणि ते निरोगी असतानाच घ्यावे लागतात.